ही वही कुणाची?

जून महिन्यात पहिलीच्या वर्गात जाऊन बसलात, तर एक शब्द तुमच्या कानावर सतत आदळत राहील. 'बाई, ह्यानं माझी पाटी घेतली.' 'बाई, माझा डबा सांडला.' 'बाई, माझं दप्तर तिच्या बाकावर आहे.' माझा, माझी, माझं. शाळेच्या पहिल्या आठवड्यात फळ्यावरची अक्षरं मुलांना ओळखता येत नसतात, पण घरी मराठी बोलणारी मुलं हे तीन शब्द मात्र अचूक जागी वापरतात. पाटीला कुणी 'माझा' म्हणत नाही, डब्याला कुणी 'माझी' म्हणत नाही. हे त्यांना कुणी बसवून शिकवलेलं नसतं. मग आम्ही शिक्षक मंडळी वर्गात हेच शब्द 'शिकवायला' घेतो, तेव्हा नेमकं काय शिकवतो? मी बरीच वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं आणि पुढे शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या निमित्तानं अनेक शाळा पाहिल्या. त्यातून जे हाती लागलं, ते आज सांगायचं आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. इंग्रजीच्या पुस्तकात या शब्दांना स्वामित्व दाखवणारी सर्वनामं म्हणतात. आपल्या शाळेत सर्वनामांचे सहा प्रकार शिकवतात, त्यांत हा प्रकारच नाही. 'संबंधी सर्वनाम' आहे, पण ते जो-जी-जे. नावावरून फसून 'माझा' हे संबंधी सर्वनाम आहे असं लिहिणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात आणि मला त्यांचा राग येत नाही. आपलं व्याकरण 'माझा'कडे दोन बाजूंनी बघतं. एकीकडे ती 'मी'ची षष्ठी विभक्ती, आणि दुसरीकडे ते सार्वनामिक विशेषण, कारण पुढच्या नामाप्रमाणे ते बदलतं. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ साली छापलं गेलं, मोरो केशव दामल्यांचा मोठा ग्रंथ १९११ साली आला. तेव्हापासून पंडितांना पुरेल एवढी चर्चा झालेली आहे. पहिलीच्या मुलाला त्यातलं काहीही सांगायची गरज नाही. शिक्षकाला मात्र ते ठाऊक हवं, कारण मूल जिथे अडखळतं ती जागा नेमकी कुठली, हे त्यावरून कळतं.

आणि अडखळायच्या जागा आहेत. बोलताना मूल 'माझं घर' म्हणतं, पुस्तकात मात्र 'माझे घर' छापलेलं असतं. मोठ्यांना हा फरक जाणवतही नाही. मुलाला जाणवतो, कारण त्याच्या कानात 'माझे' ही वेगळ्याच कामाची चीज आहे. 'माझे बूट', 'माझे मित्र', म्हणजे अनेक पुल्लिंगी गोष्टी. आता तेच रूप एका घरापुढे आलं. वाचताना मूल क्षणभर थांबतं, आपण म्हणतो, 'अडखळला, सराव कमी आहे.' सराव कमी नसतो. त्याच्या डोक्यातलं व्याकरण बरोबर चाललेलं असतं, म्हणून तर तो अडखळतो. अशा वेळी 'पुस्तकात माझे लिहितात, आपण बोलताना माझं म्हणतो' एवढं एक वाक्य सांगितलं की पुरतं. पण ते सांगणारे फार थोडे.

दुसरी जागा आदराची. 'माझी आई आली', 'माझे बाबा आले'. एकच बाबा, पण रूप अनेकवचनी. आजोबांचंही तसंच. आजी मात्र आईच्या रांगेत: 'माझी आजी आली'. आणि शाळेत आल्यावर 'आमच्या बाई आल्या'! म्हणजे घरातल्या बायकांना एकवचन, शाळेतल्या बाईंना अनेकवचन, आणि पुरुषांना बहुतेक ठिकाणी अनेकवचन. (काही घरांत 'माझा बाबा' म्हणतात, तिथे हिशेब निराळा.) याला व्याकरणाचा नियम म्हणावा की घराघरांतली रीत, हे मी ठरवत बसत नाही. एका मुलीनं मला विचारलं होतं, 'बाई, आई माझी आणि बाबा माझे, असं का?' मी सांगितलं, आईला आपण 'अगं' म्हणतो आणि बाबांना 'अहो', म्हणून. तिचं समाधान झालं. तिच्या आईचं झालं नसतं, पण ती समोर नव्हती.

तिसरी जागा लिहिण्यातली. 'माझा डबा', पण 'माझ्या डब्यात'. 'माझी वही', पण 'माझ्या वहीत'. 'माझं दप्तर', पण 'माझ्या दप्तरात'. पुढच्या नामाला प्रत्यय लागला की तिन्ही लिंगं एका 'माझ्या'त विरघळतात. बोलताना मुलं इथे चुकत नाहीत, लिहिताना 'माझा घरात' असं सर्रास लिहितात. बाई लाल शाईनं गोल करतात आणि शेजारी 'व्याकरण!' असं लिहितात. पण ही चूक व्याकरणाची नाहीच, ती अक्षराची आहे. जोडाक्षर अजून हाताला आलेलं नाही, एवढाच तिचा अर्थ. शिवाय आपला 'झ' मोठा लबाड आहे. 'माझा' म्हणताना जीभ दातांजवळ जाते आणि 'माझी' किंवा 'माझ्या' म्हणताना टाळूला लागते. म्हणून पाहा. दोन वेगळे आवाज, अक्षर एकच. 'तिचा' आणि 'तिची' यांतल्या 'च'चंही तेच. अशा वेळी मुलाला आधी मोठ्यानं वाक्य म्हणायला लावावं. तोंड बरोबर बोलतं, मग हाताला त्याच्या मागून जायला शिकवता येतं.

आता मला ज्याचं सगळ्यांत जास्त वाटतं, त्या गोष्टीकडे येते. वर मी म्हटलं की मुलं हे शब्द अचूक वापरतात. पण कुठल्या मराठीत? वऱ्हाडातलं मूल 'माह्यं नाव' म्हणतं. खानदेशात अहिराणी बोलणारं मूल 'मन्हा बाप, मन्ही माय' म्हणतं. मालवणकडचं मूल 'माझो डबो' म्हणतं. गोव्यात कोकणीत 'म्हजो, म्हजी, म्हजें' असतं. ही सगळी रूपं आपापल्या घरात चोख आहेत, त्यांना स्वतःचं लिंग-वचन आहे. आणि इतिहास बघायचा तर आपला प्रमाण 'माझा' तरी कुठून आला? प्राकृतात 'मज्झ' होतं, 'तुज्झ' होतं, त्यांची ही नातवंडं-पतवंडं. एका घराण्यातल्या चुलत भावंडांपैकी एकाला शुद्ध आणि दुसऱ्याला अशुद्ध म्हणण्यासारखं आहे हे.

वर्गात काय होतं ते बघा. मूल उभं राहतं आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांसमोर स्वतःबद्दल बोलू लागतं. 'माह्यं नाव...' एवढं म्हणतं आणि त्याला थांबवलं जातं. 'माह्यं नाही, माझं म्हण.' बाकीची मुलं हसतात. नाव राहतं बाजूला. विचार करा, चूक कुठल्या शब्दात काढली गेली? 'माझं' या शब्दात. जो शब्द त्याच्या नावाला, घराला, आईला चिकटलेला आहे, नेमका तोच पुसून नवा लिहायला सांगितला. अशी मुलं पुढे महिनोन् महिने वर्गात तोंड उघडत नाहीत, हे मी पाहिलेलं आहे. प्रमाण रूप शिकवू नये असं मी म्हणत नाही. ते शिकवलंच पाहिजे, पुढची सगळी पुस्तकं त्यात आहेत. पण आधी मुलाचं वाक्य पूर्ण ऐकून घ्यावं, त्याला उत्तर द्यावं, आणि उत्तरात प्रमाण रूप सहज यावं: 'अस्सं, तुझं नाव गणेश का? माझं नाव सांगू?' चार-पाच आठवड्यांत मूल वर्गात 'माझं' आणि घरी 'माह्यं' असं आपणहून बोलू लागतं. दोन खोल्यांत दोन चपला ठेवाव्यात तसं.

दुसरी एक गोष्ट 'तुझा' या शब्दाची. 'वही' म्हटलं की वहीच, कुणीही म्हणो. पण 'माझा' कुणाचा, हे बोलणारा कोण त्यावर ठरतं. तोंड बदललं की मालक बदलला. रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञानं १९५७ साली अशा शब्दांवर एक महत्त्वाचा निबंध लिहिला. इंग्रजीत त्यांना 'शिफ्टर' म्हणतात, आपण फिरते शब्द म्हणू. दोन-अडीच वर्षांचं मूल यात गोंधळतं, शाळेत येईपर्यंत सरावतं. आणि मग आपण त्याला पुन्हा गोंधळात टाकतो. 'म्हणा माझ्यामागे: माझं नाव...' असं म्हणून बाई स्वतःचं नाव सांगतात आणि चाळीस मुलं एका सुरात बाईंचं नाव स्वतःचं म्हणून सांगतात. फिरते शब्द समूहानं घोकून येत नाहीत. त्यांना समोरासमोर दोन माणसं लागतात.

या फिरत्या शब्दानं काय अनर्थ होऊ शकतो, त्याचं एक उदाहरण. एका शाळेत (गावाचं नाव सांगत नाही) पहिलीच्या एका मुलाला वर्गात 'चोर' ठरवलं होतं. शाळेच्या खोक्यातली रंगीत पेन्सिल त्याच्या दप्तरात सापडली. विचारलं तेव्हा तो ठामपणे म्हणाला, 'माझी आहे.' म्हणजे वर खोटंही बोलतो! मुलगा शाळेत यायचा बंद झाला. त्याच्या आईशी बोलल्यावर उलगडा झाला. ती म्हणाली, 'बाईंनीच दिली म्हणतो. ही तुझी, घे, असं म्हणून दिली.' बाईंनी पेन्सिली वाटताना खरोखरच प्रत्येकाला 'ही तुझी, ही तुझी' असं म्हटलं होतं. बाईंच्या मनात अर्थ होता, तासापुरती तुझी. मुलाच्या मनात अर्थ होता, तुझी. मोठी माणसं 'माझी खुर्ची', 'माझी बस', 'माझी गल्ली' असं म्हणतात आणि त्यांतलं काहीही त्यांच्या मालकीचं नसतं, हे मोठ्यांना माहीत असतं. सहा वर्षांच्या मुलानं ते कुठून शिकावं? मुलगा परत आला, पण 'चोर' हा शब्द वर्गात बराच काळ राहिला. म्हणून मी नव्या शिक्षकांना सांगत असे, शाळेची वस्तू देताना 'ही शाळेची, आत्ता तू वापर' असं म्हणा. एक वाक्य जास्त लागतं, पण त्यातून 'ची' हा प्रत्ययही शिकवून होतो.

प्रत्यक्ष वर्गात मी काय करत असे, ते सांगते. वर्गाच्या मधोमध सतरंजी अंथरायची. दहा-बारा मुलांनी दप्तरातली एकेक वस्तू तिच्यावर ठेवायची. पाटी, वही, डबा, खोडरबर, पट्टी, पुस्तक, कुणाची टोपी. मग एक वस्तू उचलून विचारायचं, 'ही वही कुणाची?' मालक ओरडतो, 'माझी!' आणि घेऊन जातो. 'हा डबा कुणाचा?' 'माझा!' यात गंमत अशी, की प्रश्नातच उत्तर दडलेलं असतं. 'कुणाची' म्हटलं की 'माझी' येणारच. ज्या मुलांच्या घरी वेगळी भाषा आहे, त्यांना हा प्रश्न मोठा आधार देतो. म्हणून शिक्षकानं 'हे कोणाचं आहे?' असं सरसकट विचारू नये, वस्तूचं नाव घेऊन योग्य रूपात विचारावं. दुसऱ्या दिवशी मुलांनी वस्तू उचलून दुसऱ्याला द्यायच्या, 'ही तुझी का?' असं विचारून. तिसऱ्या दिवशी तिसरं माणूस आणायचं: 'ही माझी नाही, तिची आहे.' माझा, तुझा आणि त्याचा-तिचा यांना अनुक्रमे एक, दोन आणि तीन माणसं लागतात. फळ्यावर तक्ता लिहून हे होत नाही. 'पेन' मात्र सतरंजीवर ठेवू नका. ते 'माझं' की 'माझा' यावरून शिक्षकांच्या खोलीतही वाद होतात.

मुलांना नियम किती येतो हे बघायचं असेल, तर खोटे शब्द वापरावेत. अमेरिकेत जीन बर्को यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग असाच होता. त्यांनी लहान मुलांना चित्रातले काल्पनिक प्राणी दाखवले, त्यांची नावंही मनानं रचलेली, आणि 'ही टोपी कुणाची?' अशा प्रश्नांतून मुलं त्या अनोळखी नावाला योग्य प्रत्यय लावतात का ते तपासलं. मुलं लावत होती. मी वर्गात 'लुबका', 'लुबकी' आणि 'लुबकं' असे तीन प्राणी काढत असे. 'माझा लुबका, माझी लुबकी, माझं लुबकं' हे वर्गानं एका दमात सांगितलं नाही, असं कधी झालं नाही. उत्तर अमेरिकेत मराठी मंडळांच्या ज्या शाळा चालतात, तिथे शिकणाऱ्या मुलांना हाच खेळ जड जातो. त्यांच्या कानात दिवसभर इंग्रजीचा न बदलणारा 'माय' असतो, म्हणून 'माझा आई' असं सहज निघून जातं.

इंग्रजीचा विषय निघालाच आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं आणि 'हिज' व 'हर' यांचा घोटाळा दहा-अकरा वर्षांच्या मुलांऐवजी सहा वर्षांच्या मुलांच्या वाट्याला आला. 'त्याची बहीण' याचं इंग्रजी मुलं 'हर सिस्टर' असं करतात. शिक्षक म्हणतात, मुलगा-मुलगी कळत नाही का? कळतं. गोम अशी आहे. आपल्या 'त्याची' या शब्दाला दोन टोकं आहेत. 'त्या' हे डोकं मालक पुरुष आहे हे सांगतं आणि 'ची' ही शेपटी वस्तू किंवा नातं स्त्रीलिंगी आहे हे सांगते. 'तिचा भाऊ' यात डोकं स्त्रीचं, शेपटी पुरुषाची. इंग्रजीनं फक्त डोकं ठेवलं, शेपटी कापली. हिंदीच्या 'उसका-उसकी'त शेपटी आहे, पण डोकं मालक पुरुष की स्त्री हे सांगत नाही. फ्रेंचही पुढच्या नामाचंच लिंग बघते, म्हणून इंग्रजी शिकताना फ्रेंच मुलंही इथेच घसरतात. मराठीला दोन्ही आहे, म्हणून मराठी मुलाची खरं तर सोय आहे, पण ते शेपटीकडे बघतं. उपाय सोपा. सुरुवातीला बहीण-भाऊ, आई-बाबा हे शब्द टाळावेत. मुलगा उभा करून त्याचा पेन, त्याची वही, त्याचं दप्तर दाखवावं, तिन्हीला 'हिज'. मग मुलगी उभी करावी, तिन्हीला 'हर'. मालकाकडे बोट दाखवायचं, वस्तूकडे नाही. बहीण-भाऊ दोन आठवड्यांनी आणावेत.

आणखी एक. इंग्रजीत भाऊ असतो तसंच पेनही 'असतं', क्रियापद एकच. मराठीत 'मला एक भाऊ आहे', पण 'माझ्याकडे एक पेन आहे'. 'माझ्याकडे एक भाऊ आहे' म्हटलं तर तो सुट्टीत राहायला आलाय असा अर्थ होतो. नातं आणि वस्तू यांत आपल्या भाषेनं केलेला हा फरक मुलं इंग्रजीच्या नादात विसरू लागली आहेत, हे मला बरं वाटत नाही.

शेवटी 'आमचा' आणि 'आपला'. पाहुणे आले की 'ही आमची शाळा', वर्गात एकमेकांत 'ही आपली शाळा'. ऐकणाऱ्याला धरून की वगळून, एवढं एका शब्दात सांगणारी सोय इंग्रजीत नाही. गुजरातीत आहे, तमिळ-तेलुगूत आहे. शिवाय 'आपला' आणखी कामं करतो. 'रमेश आपली वही शोधतो' म्हणजे स्वतःची, 'रमेश त्याची वही शोधतो' म्हटलं की दुसऱ्या कुणाची असं वाटतं. 'आपलं नाव काय?' हा आदर. आणि 'काही नाही, आपलं उगीच' यात तो काय करतो, हे मुलांनी न विचारलेलंच बरं. पहिलीत यातला फक्त पहिला अर्थ घ्यावा. एखादं नवीन मूल मधल्या सुट्टीत 'तुमच्या शाळेत' म्हणत असतं आणि एके दिवशी 'आपल्या शाळेत' म्हणतं. तो दिवस शिक्षकानं वहीत नोंदवून ठेवावा.

'माझे बाबा', 'माझे घर' या पाच ओळींच्या निबंधांबद्दलही सांगितलं पाहिजे. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर वर्षातले कित्येक महिने पाचटाच्या कोपीत राहणारं मूल वर्गात असतं. बाबा नसलेलं मूल असतं, मामाकडे वाढणारं असतं. 'माझे' हे रूप शिकवायला बाबाच कशाला लागतात? माझे बूट, माझे मित्र, माझे आजोबा, ज्याला जे आहे ते त्यानं लिहावं. शिक्षकानं फळ्यावर फक्त 'माझे' एवढं लिहून पुढची जागा मोकळी सोडावी. एका वर्षी एका मुलानं तिथे 'माझे बैल' लिहून पाचाऐवजी अकरा ओळी लिहिल्या होत्या.

घरी पालकांना यातलं काही करायचं असेल, तर वेगळा वेळ काढावा लागत नाही. वाळलेल्या कपड्यांचा ढीग घडी करायला घेतला की मुलाला शेजारी बसवा. आईची ओढणी, बाबांचे मोजे, आजीचं लुगडं, दादाचा सदरा, ताईच्या रिबिनी. पाच मिनिटांत सगळी रूपं होऊन जातात आणि कपड्यांच्या घड्याही होतात. उरतो तो टॉवेल. तो कुणाचा यावर बहुतेक घरांत एकमत होत नाही. त्यासाठी 'आपला' शिकवायला घ्यावा.